पिशवीतून वास येतो, काय करावं

ताईच्या पोटावर भोक पाडून तिथे शौचाची पिशवी लावली, तेव्हापासून भावोजी तिच्याबरोबर जेवत नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. ताट वाढून झालं की ते उचलायचे आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर जाऊन बसायचे. सुरुवातीला बातम्यांचं निमित्त सांगायचे, मग तेही सोडलं. घरी पाहुणे असले तरच नाइलाजाने टेबलाशी बसत, आणि सर्दी झाल्यासारखा रुमाल नाकाशी धरत. त्यांना सर्दी झालेली नाही हे ताईला ठाऊक असायचं, आणि ताईला ठाऊक आहे हे त्यांनाही.

भावोजींचं बाथरूमच्या सामानाचं दुकान होतं. काचेमागे चकचकीत नळ, भिंतभर फरशा, ओळीने मांडलेले पांढरेशुभ्र कमोड. गिऱ्हाइकासमोर ते कमोडच्या कडेवरून असा हात फिरवायचे की बघणाऱ्याला वाटावं, माणूस मांजराला कुरवाळतोय. घरात मात्र ताई पिशवी रिकामी करायला आत गेली की दाराखालून वास येऊ नये म्हणून त्यांनी फटीला रबराची पट्टी ठोकून घेतली होती. पट्टी बसवणाऱ्या सुताराला त्यांनी कारण झुरळं असं सांगितलं. ताई तिथेच उभी होती.

हे सगळं धाकटी बघत आली होती. धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण. पन्नाशीला टेकली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. ती दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. ताईचं आतडं कापावं लागलं आणि ती दवाखान्यातून घरी आली, तेव्हा भावोजींनी ठेवलेली बाई आठवड्याभरात नाक मुरडून निघून गेली. मग धाकटीने रजा टाकली आणि सगळं स्वतः शिकून घेतलं. पिशवी फार भरू द्यायची नाही. पिशवी पोटाला चिकटवायच्या चकतीचं भोक मापातच कापायचं, ढिलं राहिलं तर आतलं पाणी कातडीवर झिरपतं आणि कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. पहिले काही दिवस धाकटीला ढवळायचं. एकदा तिने तसं बोलूनही दाखवलं. ताई म्हणाली, "मलाही ढवळतं गं. पण मला कुठे ते दुसऱ्याच्या घरी ठेवून येता येतंय?" दोघी हसल्या, आणि त्यानंतर धाकटीचं ढवळणं थांबलं.

ताई ब्लॉग लिहायला लागली ती त्याच सुमारास. त्याचा पत्ता भावोजींनीच आपल्या नावावर घेऊन दिला होता. बायको घरात बसून कंटाळते, फुलझाडांबद्दल, विणकामाबद्दल काहीतरी लिहीत बसेल, असा त्यांचा हिशेब. ताईने पहिला लेख लिहिला तो नाटकाच्या मध्यंतरात पिशवी गळल्याचा. पातळाखालून ओल पसरत गेली, शेजारच्या बाईने पर्समधून अत्तर काढून उगाच हवेत उडवलं, आणि प्रयोग संपून सगळं थिएटर रिकामं होईपर्यंत ताई खुर्चीतच बसून राहिली. मग शाल कमरेला गुंडाळून, भिंतीच्या कडेकडेने ती बाहेर आली. हे सगळं तिने जसं झालं तसं लिहिलं, आणि शेवटी आपलं काय चुकलं तेही लिहिलं: चकती घाईत, ओल्या कातडीवर चिकटवली होती.

भावोजींनी तो लेख वाचला, लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "हे तू लोकांना वाचायला देणार?"

ताई हो म्हणाली. त्यानंतर त्यांनी तिचं काही वाचलं नाही.

इतर कोणीही वाचत नव्हतं म्हणा. ताई महिनोन्‌महिने लिहीत राहिली. कांदा खाल्ला तर काय होतं, कुशीवर कसं झोपायचं, प्रवासात जास्तीची पिशवी कुठे ठेवायची, कपडे कुठल्या मापाचे घ्यायचे. वाचक मात्र कोणी नाही. एक दिवस तिने बहिणीला विचारलं, "तुझं ऑफिस हेच करतं ना? माझं का नाही दिसत कुणाला?"

धाकटीचं ऑफिस हेच करायचं. बॅटऱ्यांच्या एका दुकानाच्या माडीवर, पंख्याखाली मांडलेली आठ-दहा टेबलं. कोणी सर्च इंजिनमध्ये काही टाइप केलं की आपल्या गिऱ्हाइकाचं पान सगळ्यात वर दिसलं पाहिजे, एवढंच काम. धाकटी त्यात मुरलेली होती आणि तिला त्याचा वीट आला होता. गाद्या विकणाऱ्यासाठी गुडघेदुखीवर लेख, पाळणे विकणाऱ्यासाठी मुलांच्या खोकल्यावर लेख. लिहिणाऱ्याने ना गुडघा पाहिलेला, ना मूल. दुसऱ्याच्या पानावरचं उचलायचं, शब्द इकडचे तिकडे करायचे, उत्तर मुद्दाम खाली ढकलायचं म्हणजे वाचणारा जाहिराती ओलांडत ओलांडत तिथवर येतो. कुणाचं तरी उष्टं पुन्हा गरम करून नव्या ताटात वाढावं, तसला तो धंदा. संध्याकाळी घरी आल्यावर ती साबणाने हात धुवायची. हाताला काही लागलेलं नसायचं, तरीही.

म्हणूनच ताईने विचारलं तेव्हा तिला बरं वाटलं. जे शिकलो त्याचा निदान एकदा तरी धड उपयोग होईल.

पहिल्या रविवारी तिने ताईला दाखवून दिलं की तिचे लेख सर्चच्या आठव्या पानावर आहेत आणि तिथवर काळं कुत्रंही जात नाही. ताईने लेखांना नावं दिली होती 'पुन्हा तेच', 'एक ओला दिवस', 'माझी सोबतीण'. धाकटी म्हणाली की ही नावं बदलायची. ताई अडून बसली. तिला नावं आवडत होती. 'माझी सोबतीण' या लेखाचं नाव धाकटीने 'पिशवीतून वास येतो, काय करावं' असं केलं तेव्हा तर ती चिडलीच. म्हणाली की असलं नाव म्हणजे मुतारीच्या भिंतीवरची जाहिरात वाटते.

धाकटीने लॅपटॉप बाजूला ठेवला.

"ताई, परवा ऑपरेशन होऊन घरी आलेली एक बाई आहे असं समज. संडासात बसलीय, दाराला कडी आहे, बाहेर सासू आहे, नवरा आहे. पिशवी गळलीय आणि एका हाताने ती मोबाइलवर शोधतेय. ती 'माझी सोबतीण' असं टाइप करेल?"

ताईने लॅपटॉप परत जवळ ओढला. मग म्हणाली, "'येतो'च्या पुढे स्वल्पविराम दे. तेवढं तरी शुद्ध असू दे."

मग काम सुरू झालं. एकेका लेखात एकच प्रश्न ठेवायचा, आणि त्याचं उत्तर पहिल्या दोन ओळींत द्यायचं. ऑफिसात करत होती त्याच्या बरोबर उलटं. ताईने टाकलेले फोटो इतके जड होते की पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जाई. धाकटीने ते हलके केले आणि प्रत्येकाखाली फोटोत काय आहे ते साध्या शब्दांत लिहिलं. गळण्याच्या लेखातून कातडीच्या लेखाकडे, कातडीवरून चकती कापण्याच्या लेखाकडे जायला वाटा केल्या. दवाखान्यातल्या वॉर्डच्या सिस्टरना जाऊन भेटली. त्यांनी सगळं वाचून काढलं, दोन चुका दाखवल्या, त्या दुरुस्त केल्यावर दवाखान्याच्या पानावर ताईच्या ब्लॉगचा पत्ता दिला. धाकटीच्या मते सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झाला.

ताईचं पान आठव्यावरून पाचव्यावर आलं, मग दुसऱ्यावर, आणि हिवाळा संपता संपता पहिल्या पानावर अगदी वर. माणसं यायला लागली. कोणी नावाने लिहायचं, कोणी नाव न देता. एका निवृत्त ड्रायव्हरने विचारलं की नातवाला मांडीवर घेऊ का. एका शिंपीणबाईने उरलेल्या फुलाफुलांच्या कापडांची पिशवीवर घालायची झबली शिवली आणि ताईला टपालाने पाठवली. तिचंही ऑपरेशन नुकतंच झालेलं. ताई तिच्याशी फोनवर तासन्‌तास बोलायची. पिशवीला झबलं घालून ती धाकटीला दाखवायची, की बघ, आज निळं नेसवलंय.

किती जण वाचतात त्या आकड्यांवर नजर ठेवायला धाकटी ऑफिसचंच साधन वापरत होती, आणि त्यातलं सगळं मालकालाही दिसायचं. चूक झाली ती तिथे.

मालकाला ऑफिसात पाठीमागे सगळे लोणी म्हणत. आवाज मऊ, हात मऊ, आणि कुणावर कधी ओरडला नाही. एक दिवस त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि बहिणीच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाला की त्याने ते पान पाहिलं, असा विश्वास विकत मिळत नसतो, ज्यांना पिशवी आहे ती सगळी माणसं तुझ्या बहिणीचं ऐकतात. त्याच्याकडे एक नवं गिऱ्हाईक आलं होतं. भुकटी विकणारं. रोज पाण्यातून घेतली की पोट बांधलं जातं, वास येत नाही, आणि नेमाने घेतली तर हळूहळू भोकही बुजतं.

धाकटीने त्याला सांगितलं की ते भोक डॉक्टरांनी टाके घालून केलेलं असतं, आणि बुजवायचं झालं तर तेही डॉक्टरच बुजवतात. भुकटीने बुजायला ती काय भिंतीतली भेग आहे?

लोणी हसला. "अगं, मी कुठे म्हणतो बुजतं? गिऱ्हाईक म्हणतं. आपण फक्त चार ओळी द्यायच्या."

ती नाही म्हणाली. तो म्हणाला, बरं, राहिलं. इतक्या सहज म्हणाला की तिने विषय संपला असं धरलं आणि ताईला सांगितलंही नाही. तिला फक्त चहाचा कप अर्धा टाकून उठावंसं वाटलं. कपाच्या कडेला साय चिकटली होती.

त्यानंतर ताईला ताप आला. जुन्या टाक्यांपाशी सूज होती, दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि धाकटी दिवसभर तिथेच असायची. ताईचं लिहिणं बंद पडलं. मी आजारी आहे, बरी झाले की येते, एवढंच तिने ब्लॉगवर टाकलं होतं. ती घरी आली, थोडी हिंडूफिरू लागली, आणि शिंपीणबाईचा फोन आला. आवाज ओळखू येईना. ती दवाखान्यातून बोलत होती.

तिने भुकटी घेतली होती. भुकटी आत फुगली आणि भोकाच्या तोंडाशी दगडासारखी बसली. पिशवीत काही येईना, पोट नगाऱ्यासारखं झालं, आणि जे खालून यायचं ते तोंडावाटे आलं. ती हे सगळं हळूहळू, दम खात सांगत होती. पुन्हा पोट उघडावं लागलं म्हणाली, आणखी थोडं आतडं गेलं.

ताईने विचारलं, असली भुकटी घ्यायला सांगितली कुणी.

"तुम्हीच की," शिंपीणबाई म्हणाली. "तुम्ही लिहिलंत म्हणून घेतली. आजारी होता म्हणून फोन करून त्रास नाही दिला. लिहिलेलं होतंच, वेगळं काय विचारायचं?"

फोन ठेवल्यावर ताईने धाकटीला बोलावून घेतलं. दोघींनी टेबलाशी बसून ब्लॉग उघडला. वास येण्याचा लेख, गळण्याचा, कातडीचा, प्रवासाचा. प्रत्येकात मध्येच चार-पाच ओळी नव्या. नाटकाच्या लेखात तर आख्खा परिच्छेद होता. थिएटर रिकामं होईपर्यंत ताई खुर्चीत बसून राहिली त्याच्या पुढे लिहिलं होतं की त्या दिवशी मला ही भुकटी माहीत असती तर शाल कमरेला गुंडाळायची वेळ आली नसती, आता मी निर्धास्त नाटकाला जाते, आणि माझं भोक बोटाच्या पेरापेक्षाही लहान झालंय. ताई लिहिते तशीच छोटी वाक्यं. तिचं नेहमीचं 'बाई गं' नेमक्या जागी. स्वल्पविरामसुद्धा बरोबर.

ताईने शेवटपर्यंत वाचलं. मग तिने हाताने खूण केली, आणि धाकटीने भांडं आणेपर्यंत तिला टेबलाच्या कडेशीच उलटी झाली. पोटात काही नव्हतंच. ती कोरडं कोरडं ओकत राहिली, एका हाताने पिशवी सावरत. तोंड पुसल्यावर म्हणाली की माझ्या तोंडात कुणीतरी हात घालून बोललंय असं वाटतंय.

पासवर्ड चालेना. बदलला होता. पत्ता भावोजींच्या नावावर, तेव्हा तो बदलू शकणारा माणूस एकच होता.

भावोजी दुकानातून आले, हात धुतले, टॉवेलला पुसले. ताईने सरळ विचारलं. त्यांनी नाकबूल केलं नाही. लोणी दुकानात आला होता, आरसा बघायला म्हणून. बोलता बोलता म्हणाला की तुमच्या दुकानाचं पान शोधून सापडत नाही, मी ते वर आणून देतो, त्या बदल्यात बाईंच्या ब्लॉगचा ताबा काही दिवस द्या. भावोजींना तो सौदा वाटलाही नाही. ब्लॉग असाही पडूनच होता, ती दवाखान्यात होती. आणि दुकान खरंच वर आलं होतं. नळ, फरशी, कमोड, काहीही शोधा, पहिलं त्यांचंच नाव.

धाकटीने विचारलं, त्यांनी तिथे काय लिहिलं ते वाचलंत का.

"मी ते वाचत नाही, तुला माहीत आहे," ते म्हणाले, आणि ताईकडे वळून, जरा समजुतीच्या सुरात, "चार ओळीच घातल्यात ना. तू तुझं पोट चव्हाट्यावर मांडलंस, ते मी चालवून घेतलं. त्यातून घराचं काही भलं झालं तर बिघडलं कुठे?"

ताईने त्यांना शिंपीणबाईचं सगळं सांगितलं. तोंडावाटे काय आलं तेही. भावोजींचा हात खिशाकडे गेला आणि रुमाल बाहेर आला. रुमाल नाकापर्यंत पोचला, आणि ताई उठून उभी राहिली.

"इतके दिवस तुम्हाला माझी किळस येत होती," ती म्हणाली. "मी समजून घेतलं, कारण सुरुवातीला मलाही आली होती. शरीराची घाण आहे, पाण्याने जाते. आज मला तुमची किळस येतेय. ही कशाने धुवायची ते मला माहीत नाही."

आवाज चढला नव्हता. भावोजी काहीतरी म्हणायला गेले, पण ती आत जाऊन पिशव्यांचा खोका, कात्री, चकत्या आणि चार कपडे घेऊन आली होती. त्या दिवसापासून ती धाकटीकडे राहायला लागली.

दुसऱ्या दिवशी धाकटी ऑफिसात गेली ती भांडायच्याच तयारीने. पण आधी गाठ पडली मास्तरांशी. मास्तर म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ. आयुष्यभर शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले, आणि आता कुणाच्याही ढंगात लिहून द्यायचे. तिला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"बाईंचं जमलंय ना?" ते म्हणाले. "आधी सगळं वाचून काढलं. दोनदा रडलो, खरं सांगतो. मग सूर सापडला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रडून झाल्यावर त्याच डोळ्यांनी या माणसाने ते लिहिलं होतं, आणि आता शाबासकीची वाट बघत होता. तिने शिंपीणबाईबद्दल सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले की मजकूर वरून आला होता, मी फक्त शैली दिली. मग त्यांनी स्क्रीनकडे तोंड वळवलं. तिथे कुणा दुसऱ्याचा लेख अर्धवट उघडा होता, केस गळण्यावरचा.

लोणीने तिचं सगळं ऐकून घेतलं. वाईट झालं म्हणाला, खरोखर वाईट वाटल्यासारखं. मग पान उघडून अगदी खाली नेलं आणि मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ दाखवली, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ती ओळ त्याने स्वतः घालायला लावली होती. शिवाय ती भुकटी औषध म्हणून विकली जात नाही, खाद्य म्हणून विकली जाते. तेव्हा कायद्याने कोणी काही म्हणू शकत नाही.

"आणि राग येऊ देऊ नकोस," तो शेवटी म्हणाला, "पण पान वर तूच आणलंस. तळाला असतं तर त्या बाईला सापडलंच नसतं."

तिने टेबलावरचा आपला कप आणि स्वेटर उचलला आणि जिना उतरली. खाली बॅटरीच्या दुकानासमोर गटाराच्या कडेला ती थोडा वेळ उभी राहिली. तो शेवटचं बोलला ते खोटं नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त शिसारी आली. आपल्या हातांनी इतकं नीट, इतकं मन लावून रस्ता केला, पाट्या लावल्या, खड्डे बुजवले, आणि त्याच रस्त्याने शिंपीणबाई चालत भुकटीपर्यंत गेली.

घरी आल्यावर तिला एक गोष्ट आठवली. ब्लॉग त्यांच्या ताब्यात होता, पण सर्च इंजिनच्या बाजूने त्या पत्त्याची मालक म्हणून नोंद होती तिची स्वतःची. काम सुरू करताना तिने ती केली होती आणि लोणीच्या लक्षात ती आली नव्हती. तिथून तिला मजकुराला हात लावता येणार नव्हता. पण आख्खा पत्ताच शोधात दाखवू नका, अशी विनंती करता येणार होती. ती मान्य झाली की वास, गळणं, कातडी, काही शोधलं तरी ताईचं एक पान दिसणार नाही. भुकटी दिसणार नाही आणि ताईही दिसणार नाही.

तिने ताईला सगळं समजावून सांगितलं आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. ताईने लगेच काही केलं नाही. तिला ती बाई आठवत होती, संडासात कडी लावून बसलेली. आज ती शोधेल तर तिला काय सापडेल? धाकटी म्हणाली, काहीच नाही. किंवा दुसरं कुणाचं तरी.

"आणि आज ठेवलं तर भुकटी," ताई म्हणाली.

तिने बटण दाबलं. दाबून झाल्यावर बोट पदराला पुसलं.

ताईचं पान शोधातून गेलं. लोणीने लवकरच धाकटीची नोंद काढून टाकली, पण तोवर पानाची रया गेली होती. मग त्याने दुसरीच वाट काढली. ताईचे लेख जसेच्या तसे नव्या पत्त्यावर आले, नाव कुणा दुसऱ्या बाईचं, वर तिचा हसरा फोटो. शालीचा रंग तेवढा बदलला होता. धाकटीने तक्रार करून ते पान उतरवलं. तिसऱ्या पत्त्यावर आलं, तेही उतरवलं. मोरीतल्या झुरळासारखं एक मारावं तर जाळीतून दुसऱ्याच्या मिशा दिसायच्या. शिंपीणबाईच्या डॉक्टरांनी भुकटीविरुद्ध वर लिहून कळवलं होतं, चौकशी सुरू आहे असं उत्तर आलं. धाकटीने दुसरी नोकरी धरली, एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. पण रोज सकाळी चहाच्या आधी ती शोधून बघायची, आणि सापडलं की नुसत्या बघण्यानेच तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तक्रार करून मगच चहा घ्यायची.

भावोजींचा एकदा फोन आला. कधी येतेस विचारत होते. दुकान बरं चाललंय म्हणाले. ताईने उत्तर न देता फोन उशीवर पालथा ठेवला आणि तो आपोआप बंद होईपर्यंत त्याचं पुटपुटणं ऐकत बसली.

शिंपीणबाईला ताईच्याच दवाखान्यात आणलं होतं, तिथे तिला भेटायला त्या दोघी गेल्या. पहिल्या खेपेस तिने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. ताईने सगळं सांगितलं, कुणी लिहिलं, कसं लिहिलं, पण पाठ हलली नाही. दुसऱ्या खेपेस ती म्हणाली, "बसा." तेवढंच. ताई बसली. निघताना शिंपीणबाईने विचारलं, ती झबली अजून वापरता का. ताई हो म्हणाली. शिंपीणबाईने डोळे मिटून घेतले.

तिथेच त्या जुन्या सिस्टरनी ताईला गाठलं. त्या म्हणाल्या की ब्लॉग गेला तर गेला, तुम्ही स्वतः या. ऑपरेशन झालेल्यांशी बोला. ताई आधी नको म्हणाली. तिला वाटत होतं, आपण काहीही सांगितलं तरी समोरच्याला त्यात ती भुकटी दिसेल. पण मग ती जायला लागली, मंगळवारी दुपारी, आणि धाकटी छापखान्यातून लवकर सुटून तिला सोडायला यायची.

अशाच एका मंगळवारी नवी बाई होती. तरुण, पोस्टात काम करणारी. चादर हनुवटीपर्यंत ओढून पडली होती आणि पिशवीकडे अजून एकदाही तिने पाहिलं नव्हतं. ताई खुर्ची ओढून बसली, कोण, कुठली, विचारलं. थोड्या वेळाने ती बाई, दाराशी उभ्या धाकटीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बारीक करून, म्हणाली की तिने मोबाइलवर एका बाईचं वाचलंय. तिलाही असंच होतं. कसलीशी भुकटी घेऊन भोक बुजलं तिचं. नाटकात पिशवी गळाली होती म्हणे, बिचारीची.

धाकटीचा हात दाराच्या मुठीवर होता तो तिथेच राहिला.

ताईच्या ओठांच्या कोपऱ्याशी जी आठी उमटली ती धाकटीला ओळखू आली. टेबलाशी बसून वाचताना उमटली होती तीच. मग तिने खुर्ची पलंगाजवळ घेतली, पदर बाजूला केला, पोलकं वर सरकवलं, पिशवी मोकळी केली आणि ते लालसर, ओलं, बोटभर बाहेर आलेलं आतड्याचं तोंड त्या बाईला दिसेल असं वळून बसली. वास आला. नेहमीचा, आंबट. त्या बाईने नाक दाबलं नाही.

"नाटकातली ती बाई मी," ताई म्हणाली. "हे बघ, बुजलंय का ते. नीट बघ, मग बाकीचं सांगते."